ठेक्यातली मोकळी जागा

"ते जरा पुन्हा फिरवा ना."

सायकल उलटी करून ठेवली होती आणि तिचं मागचं चाक नुकतंच थांबलं होतं. सायकलवाल्याने मान वर केली. हाताला ग्रीस, कपाळावर ग्रीसची एक रेघ, आणि डोळ्यांत सरळसरळ शंका.

"काय फिरवू?"

"चाक."

"तुमची सायकल आहे का ही?"

"नाही. माझ्याकडे सायकलच नाही."

त्याने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पण फिरवलं. टिकटिकटिकटिक… आधी घाईघाईत, मग दमत दमत, आणि शेवटचे दोन ठोके तर असे की, थांबतंय की अजून एक येतोय… मी रस्त्यावरूनच रेकॉर्डिंग लावून मोबाइल पुढे धरला होता.

"हा बिघाडाचा आवाज नाही," तो म्हणाला. "फ्रीव्हील असंच वाजतं."

"माहीत आहे. मला तो दुरुस्त नाही करायचा. हवाय."

शहाण्या मुली सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला जातात. मी आवाज मागायला गेले. तो हसला नाही. चाक मात्र न सांगता आणखी एकदा फिरवलं, आणि तिथेच माझं काहीतरी चुकलं.

मी हिप हॉपच्या बीट्स बनवते. नुसता ठेका, खाली बेस, वर एखादी छोटीशी चाल. गाणं नाही. तयार कपड्यांचं दुकान असतं, तशी तयार संगीताची लायब्ररी असते. जाहिरातवाले, मालिकावाले तिथे येतात आणि मापात बसेल ते उचलतात. तिथे शिरायचं तर नियम कडक. एकही आवाज दुसऱ्याचा असता कामा नये. आणि मधे मोकळी जागा ठेवायची, कारण तिथे कुणीतरी बोलणार असतं.

मी आत्याकडे राहते. घरातली सगळी पांघरुणं माझ्या खोलीच्या भिंतींवर टांगलेली, आवाज घुमू नये म्हणून. "आपण कुडकुडायचं आणि भिंतींना ऊब," असं आत्या म्हणते. आणि वर विचारते, "कुणी लक्ष देऊन ऐकणारच नाही, त्याच्यासाठी एवढा जीव का काढतेस?"

"मला जमतं म्हणून."

"लायब्ररीवाल्या बाईंना तसं वाटत नाही ना."

खरं होतं. लायब्ररीत निवड करणाऱ्या बाईंनी माझा पहिला संच परत पाठवला होता. दुसऱ्यासाठी मी त्या चाकाची टिकटिक घेऊन एक बीट केली, आणि पाठवायच्या आधी दुकानात जाऊन हेडफोन सायकलवाल्याच्या कानांवर चढवले. त्याने हात मागे धरले, हेडफोनला ग्रीस लागू नये म्हणून. डोळे मिटून ऐकत होता… मी तेवढ्यात त्याच्या पापण्या बघून घेतल्या.

"आणि हे मधे एकदम रिकामं का?"

"तिथे कुणीतरी बोलणार असतं."

"कोण?"

"ज्याला ती जागा हवी तो."

"अच्छा," तो म्हणाला, आणि हेडफोन काढायला जरा जास्तच वेळ घेतला.

तो दुसरा संचही परत आला. 'काम स्वच्छ आहे, पण अशा बीट्स माझ्याकडे पोत्याने पडल्यात. आणखी एकदाच ऐकेन.' बाईंचा निरोप एवढाच. मी रागाच्या भरात ती बीट पुसून टाकली. मूळ फाइल, नक्कल, सगळं.

"सगळं पुसलंत?" सायकलवाल्याने विचारलं.

"सगळं."

"मला आवडली होती."

"तुमच्या आवडीवर लायब्ररी चालत नाही."

तो पुन्हा हातातल्या चाकाकडे वळला. मला लगेच वाईट वाटलं, पण तेव्हा कबूल कोण करतंय. मी म्हटलं, "आता हे अख्खं दुकान घेणार आहे मी. पंप, साखळी, टायरवर मारलेली थाप, सगळं. चालेल?"

"दुकान घ्या. मी कुठे जाऊ?"

"तुम्ही इथेच. फक्त बोलायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घ्या."

मग रोज दुपारी मी रेकॉर्डर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. पंपाचा फुसकारा, स्पोकवरून फिरणारा पाना, टायरची थाप. मुद्दाम सांगते, तो एक शब्द बोलला नाही. फक्त माझं स्टूल रोज पुसलेलं असायचं, आणि पंखा माझ्याकडे वळवलेला. घरी येऊन मी ते आवाज कापायचे, जोडायचे, पुन्हा तोडायचे. ठेका डगमगला की पुन्हा पहिल्यापासून. आत्याने जेवायला हाक मारून मारून शेवटी ताट आत आणून ठेवलं. या वेळी बाईंना नाही म्हणताच येता कामा नये, एवढं एकच डोक्यात होतं.

संच पाठवला. बाईंचा फोन आला.

"हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण पंपाच्या बीटमधे मागे कुणीतरी गुणगुणतंय. पुरुष आहे. कोणतं गाणं ते?"

"गुणगुणतंय?"

"नीट ऐका. ते कुणाचं गाणं असेल, तर मला संच घेता येणार नाही. काढून टाकाल, तर बीटचा जीव जाईल, हेही सांगते. संध्याकाळपर्यंत कळवा."

हेडफोन लावून ऐकलं. होतं. पंपाच्या फुसकाऱ्याखाली, अगदी हळू. मी ठोके ऐकते, आधी ठोके, नंतरही ठोके. आणि तो आवाज रोज कानावर पडून मला दुकानाचाच वाटायला लागला होता. काढून पाहिला. बाई बरोबर होत्या. उरला तो नुसता पंप.

तशीच चपला अडकवून दुकानात गेले.

"तुम्ही गुणगुणत होतात."

"तुम्ही बोलू नका म्हणालात. गुणगुणू नका असं नव्हतं म्हणालात."

"मस्करी नको. कोणतं गाणं आहे ते? खरं सांगा, माझं सगळं त्याच्यावर अडलंय."

त्याचे कान लाल झाले. हातातला पाना त्याने उगाच दोनदा पुसला. "गाणं नाही ते…"

"मग?"

"हसाल तुम्ही."

"मी रडायच्या बेतात आहे, हसते कुठली."

त्याने शेजारचं चाक फिरवलं. टिकटिक सुरू झाली आणि त्यावर तो खालच्या आवाजात गुणगुणायला लागला. पहिल्याच वळणावर मी स्टुलावर बसले. ती माझी चाल होती. मी पुसलेली, जगात कुठेच न उरलेली. सगळी त्याच्याजवळ होती, जशीच्या तशी. मग मोकळी जागा आली… आणि तो थांबला नाही. तिथे त्याने स्वतःचं काहीतरी म्हटलं, बिनशब्दांचं, साधं. पंपाखाली होतं ते हेच.

"तुम्हीच म्हणालात ना," तो चाकाकडे बघत म्हणाला, "ज्याला हवी त्याची जागा. मला हवी होती. रोज दुपारी गिऱ्हाईक आलं की वाटायचं, तुम्हीच आलात. नसलात की… त्याच्या पंक्चरवर राग निघायचा."

मला बरंच काही बोलायचं होतं. पण संध्याकाळ होत आली होती, आणि मी एका वेळी एकच काम नीट करते. बाईंना फोन लावला.

"गाणं कुणाचंही नाही. चाल माझी, पण तुम्ही ऐकलात तो तुकडा सायकलवाल्यांचा. आवाजही त्यांचाच."

"त्यांची हरकत नाही ना?"

मी फोन त्याच्यापुढे धरला. "नाही," तो फोनकडे वाकून म्हणाला. "वापरा."

"मग संच घेतला," बाई म्हणाल्या. "त्यांचंही नाव लागेल. आणि नोंदीसाठी, हे तुमचे कोण? सहकारी लिहू?"

चाक थांबत आलं होतं. त्याने हाताने ते पुरतं थांबवलं.

"सहकारी नको," मी म्हटलं.

"मग काय लिहू?"

"पाच मिनिटं द्या. विचारून सांगते."

फोन ठेवला आणि त्याच्याकडे वळले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं." मग हळूच, "आता 'तू' का?"

"मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून, चाकासकट. आता तू सांग. आणि गुणगुणू नकोस, बोल."

"आवडतेस," तो म्हणाला. "फार."

मी हात पुढे केला. त्याने आपला मागे घेतला. "ग्रीस आहे."

मी हात तसाच ठेवला. शेवटी त्याने धरला, आधी दोन बोटांनी, मग सगळाच. दुसऱ्या हाताने मी बाईंना फोन लावला.

"हं," मी म्हटलं, "घ्या लिहून."