हळद उन्हात जाते

त्या दुपारी आधी आभाळ काळं झालं आणि मग तो आला. इचोड्याच्या हायवेवर बस थांबली, खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेऊन एक उंच माणूस उतरला, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस माझ्या शेडच्या पत्र्यावर वाजू लागला. मागे पाइपांवर लोकांचे धुतलेले गालिचे वाळत होते. दिवाळीच्या साफसफाईचे दिवस. एक जरी भिजला असता तरी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"ओ भाऊ, खांद्यावरचं ठेवा तिथं अन् इकडून धरा," मी ओरडले.

त्याने कोण, काय, कशाला, काही विचारलं नाही. आपला गालिचा पत्र्याखाली ठेवला, पॅन्ट दुमडली आणि माझ्यासोबत धावला. ओलसर गालिचा म्हणजे बसलेली म्हैस, एकट्याने हलत नाही. ओट्यावर आणून तो गुंडाळायचा तर दोघांनी दोन काठांशी गुडघे टेकायचे आणि एकाच वेगाने पुढे सरकायचं. एकाने घाई केली की गुंडाळी एका बाजूने सोंडेसारखी बाहेर येते. त्याने घाई केली.

"घाई काऊन करता?"

"पाऊस येऊन राह्यला न…"

"येऊ द्या त्याले. तुमी माह्याकडं पाहून गुंडाळा."

तो माझ्याकडे पाहू लागला, आणि मग पाहतच राहिला. गुंडाळी आणखी वाकडी झाली.

पाऊस थांबल्यावर मी नाव सांगितलं, अर्पिता; त्याने सांगितलं, नागसेन. आदिलाबादच्या पलीकडे तामसीच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलात, तो क्लार्क. बोर्डावर तीन भाषांत "गालिचे, सतरंज्या धुऊन मिळतील" लिहिलेलं वाचून लोक आत येतात आणि मला विचारतात, मालक कुठं आहेत. गमबूट, हातात ब्रश, केसांत फेस, अशी बाई मालक कशी असेल? याने मात्र सरळ म्हटलं, "मॅडम, एक भानगड झाली."

त्याने गालिचा उलगडला. सायीच्या रंगाची छान लोकर, आणि मधोमध ताटाएवढा लालभडक डाग.

"हळद सांडली न?" मी विचारलं. "अन् तुमी साबण लावला."

"ताईच्या हळदीत सांडली. आईच्या ध्यानात यायच्या आत काढावं म्हनलं, तं लालच झाली. आई ताईकडं नांदेडले गेली हाय. माह्या पयल्या पगारात तिनं हा घेतला होता, मॅडम. त्याच्या आधी आमच्या घरात बारदान्यावरच बसत जाओ."

"मग आदिलाबादेत नाई का कोनी धुनारं? एवढ्या लांब आले ते."

"तिथं सारे आईच्या वळखीचे हायेत."

मला हसू आवरेना. मग त्यालाही. मी सांगितलं, व्हिनेगरच्या पाण्याने लाल परत पिवळं होईल आणि पिवळं ऊन घेऊन जाईल. हळद उन्हात जाते. फक्त धीर धरावा लागतो.

"धीर हाय माह्याजवळ," तो म्हणाला, आणि हे गालिच्याबद्दल नव्हतं एवढं मला कळलं.

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. तामसीहून आदिलाबाद, तिथून दुसऱ्या बसने इचोडा. डाग पाहायला म्हणून यायचा आणि दिवसभर माझ्यासोबत गालिचे गुंडाळायचा. मी त्याला शिकवलं, आधी उलटा टाकून बांबूने झोडायचा, मगच पाणी. झोडताना कुणाच्या घरातून काय पडतं ते दाखवलं. शेतकऱ्याच्या घरचे ज्वारीचे दाणे, सरकीचा कापूस, लग्नघरच्या अक्षता.

"अन् आमच्या गालिच्यातून काय पडलं?"

"काईच नाई. तुमची आई त्याच्यावर कोनाले बसू देते का?"

"तुमाले देईन आई… मी सांगितलं तं."

मी पाइप जोरात सोडला. त्याचे पाय भिजले, तरी तो हलला नाही. पुढच्या रविवारी डाग पार गेला होता. मी गालिचा उन्हात उलगडून दाखवला. तो डोळे बारीक करून वाकला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"मले तं अजून पिवळं दिसून राह्यलं."

"कुठं?"

"इथं… थोडंसं. एखादा रईवार लागन."

तिथे काहीच पिवळं नव्हतं. मी म्हटलं, "लागन, लागन."

मला तो आवडला होता, सरळच सांगते. आणि म्हणूनच भीती वाटत होती. माझे बाबा, भिवाजी, शाळेत कारकून होते, आता रिटायर. मी शेड टाकली तेव्हा ते म्हणाले होते, "तुही आजी लोकाईचे आंगन झाडत जाय. म्या शिकलो, तुले बी.कॉम. केलं, ते काय पुन्हा लोकाईची धूळ झाडाले?" मी म्हटलं, आजीला कुणी विचारलं नव्हतं बाबा, मी हे माझ्या मनाने घेतलंय. त्यांना ते पटलं नाही. पाहायला आलेली स्थळं माझे गमबूट पाहून परत गेली, तेव्हा बाबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. पुढचं स्थळ परतलं की शेड बंद, आणि आदिलाबादला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. मी हो म्हणून बसले होते. नागसेन अजून स्थळ झाला नव्हता तोवरच बरं होतं.

पण एका रविवारी बाबा माझा डबा घेऊन शेडवर आले. मी आणि नागसेन एक लांबलचक सतरंजी गुंडाळत होतो. हायवेवर बस थांबली आणि पांढऱ्या लुगड्यातली एक बाई तरातरा चालत आत आली.

"जय भीम. मी सखूबाई, याची आई."

नागसेनच्या हातून सतरंजी सुटली. बाबांनी मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाले, "गमबूट काढ."

"आई, तू नांदेडहून कवा…"

"हळद सांडली ते मले तवाच दिसली होती," सखूबाई म्हणाल्या. "तू साबन लावला तेबी पाह्यलं. म्हनलं, करू दे काय करते तं. पन तुही ताई सांगे, दर रईवारी पोरगं इचोड्याले जाते. असा कोनता डाग हाय, म्हनून पाहाले आली."

उन्हात पसरलेल्या आपल्या गालिच्यापाशी त्या बसल्या. तळहात लोकरीवरून उलटा-सुलटा फिरवला.

"डाग तं नाई इथं."

"नाई मावशी," मी म्हणाले. "कवाचाच गेला."

हळदीला साबण लागावा तसा नागसेन लाल झाला. बाबा घाईने पुढे आले. "ताई, पोरगी शिकलेली हाय आमची. हे काम म्हनजे… तातपुरतं. दिवाळीनंतर बंदच करनार हाये."

गप्प बसले असते तर कदाचित सगळं गोड झालं असतं. पण मग त्यांच्या घरात दुसरीच कुणी अर्पिता गेली असती.

"नाई मावशी," मी म्हटलं. "मी बंद नाई करनार. लोकाईची धूळ झाडते, डाग काढते, अन् मले हे आवडते. ज्याले चालते त्यानंच पुढं बोलावं."

मग नागसेन म्हणाला, "मले चालते. आई… मी डाग पाहाले येतच नव्हतो. ह्यांच्या संगं गुंडाळाले येऊन राह्यलो. अन् जलमभर येईन, ह्या हो म्हनल्या तं."

सखूबाई माझ्या पायांकडे पाहत होत्या. फेसाने भरलेले माझे गमबूट. मी ते काढले नव्हते.

"मी पह्यटं दवातल्या कापसात वेचाले जाओ, तवा पायात काईच नसे," त्या म्हणाल्या. "पाय कोरडे राह्यतात का याच्यात?"

"राह्यतात मावशी."

"मंग कोनी सांगितलं तरी काढू नको, पोरी." आणि त्या बाबांच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "गुंडाळा आता माहा गालिचा. मी घेऊन जाते, नाई तं यातून रोज नवा डाग निंघन."

आम्ही दोन काठांशी गुडघे टेकले.

"तुमी अजून हो नाई म्हनल्या," तो पुटपुटला.

"आधी गुंडाळा. घाई करू नका."

"तुमच्याकडं पाहून?"

"हो… माह्याकडं पाहून."

एक वळसा, मग दुसरा. लोकर उन्हाने कोमट झाली होती. आम्ही झालरीपर्यंत पोहोचलो तेव्हा बाबा पुढे आले. शेडमधल्या एकाही गालिच्याला कधी हात न लावलेले माझे बाबा वाकले, गुंडाळीच्या दोन्ही टोकांवर त्यांनी तळहात ठेवून पाहिले.

"बराबर आली," ते म्हणाले.

मग मी हो म्हटलं.