चौथी वायर

गाडी आली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मिस्त्रीचा दुसरा चहा चालला होता. राखाडी रंगाची गाडी, जुनी, पण नीट जपलेली. चालवणारा माणूस साठीपुढचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने उतरून दार अगदी हळू लावलं आणि म्हणाला, "हिच्यात एक गुणगुण आहे. तेवढी घालवायची."

दुकान काही मोठं नव्हतं. पुढे पत्र्याखाली एक गाडी उभी राहील एवढी जागा, भिंतीला हत्यारांची फळी, मागच्या कोपऱ्यात बायकोचं शिवणयंत्र. मिस्त्री गाड्यांत स्पीकर बसवायचा, बायको सीटची कव्हरं शिवायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही याच पत्र्याखाली गेली होती. शेजारच्या गाळ्यात टायरवाला. दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून यायचा आणि स्वतःच्याच विनोदांवर असा हसायचा की रस्त्यापलीकडचे लोक वळून बघत.

मिस्त्री गाडीत बसला. इंजिन सुरू केलं, सेट लावला, आवाज शून्यावर ठेवला. तरी स्पीकरांतून बारीक गुणगुण येतच होती. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. बंद दारापलीकडे कोणीतरी बोलत असावं आणि शब्द कळू नयेत, तशी.

"गाणी ऐकता का?"

"नाही," गाडीवाला म्हणाला. "बसवलेलं आधीच्या मालकाने. मला शांतता असली की झालं."

"मग सगळं काढूनच टाकू ना. कशाला डोक्याला ताप?"

"काढलं होतं एकदा. गुणगुण राहिलीच. म्हणून परत बसवून घेतलं."

मिस्त्रीने वाद घातला नाही. गिऱ्हाईक काय वाटेल ते सांगतं, एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं. "शुक्रवारी चार वाजता या," तो म्हणाला.

डिकी उघडली तेव्हा रोग दिसलाच. तीन ॲम्प्लिफायर होते: एक पुढच्या स्पीकरांचा, एक मागच्या दारांचा, तिसरा बासच्या पेटीचा, त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटलीएवढा कपॅसिटर. आणि चौघांच्या अर्थच्या वायरी चार दिशांना. एक सीटच्या बोल्टला, दुसरी पट्ट्याच्या हुकाला, तिसरी मागच्या दिव्याच्या स्क्रूला, कपॅसिटरची तर रंगावरच ठोकलेली. चार जागी अर्थ दिला की करंट परतताना घोळ घालतो आणि स्पीकर गुणगुणतो. उपाय साधा. एक जागा निवडायची, रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, आणि आखूड, जाड वायरी घेऊन सगळ्यांचा अर्थ एकाच बोल्टखाली आणायचा.

टायरवाला डोकावून बघत होता. "म्हणजे चौघांचा अर्थ एकच?"

"एकच."

"नशीबवान आहेत. आमच्या घरी दोघांचा जुळत नाही." आणि तो गडगडाटी हसला.

मिस्त्रीने बॅटरीची वायर सोडली, मागच्या सीटखालचा पत्रा बोटभर जागेत चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट बसवला. शीळ घालत त्याने पहिल्या ॲम्प्लिफायरची वायर कापून बोल्टखाली घेतली आणि पाना फिरवला. बॅटरी जोडून ऐकलं. गुणगुण पाव हिश्श्याने कमी झाली होती.

दुकानातलं आणखी काहीतरी कमी झालं होतं. ते काय हे कळायला त्याला मिनिटभर लागलं. बायकोचं मशीन थांबलं होतं. त्याने मान वर केली. ती शिवत होती. पाय चालत होता, चाक फिरत होतं, सुई खालीवर होत होती. आवाज नव्हता.

तो जवळ जाऊन उभा राहिला. "मशीनला तेल घातलंस का?"

"मागच्या महिन्यात. का?"

"आवाज येत नाहीये त्याचा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "मशीनचा आवाज? तो कधी येत होता?"

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिच्या डाव्या गालाला खळी पडायची. तशी पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुसरा ॲम्प्लिफायर घेतला. वायर, बोल्ट, पाना. गुणगुण आणखी उतरली. थोड्या वेळाने टायरवाला आला, काहीतरी सांगितलं आणि हसला. तोंड उघडलं, पोट हललं, डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला. आत जीभ होती, दात होते, आवाज नव्हता.

"काय रे, असा काय बघतोस?" हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

मिस्त्रीने नंतर बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तो असाच हसतो. मुक्यासारखा. पहिल्यापासून."

दुपारी तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. प्रत्येक शिट्टीला त्याने बोट वर केलं. "कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वयात सहसा इतके चांगले नसतात."

परतताना त्याच्या लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही. घाबरायला हवं होतं. दात काढल्यावर बधिर हिरडीवरून जीभ फिरवावी, तसं मन त्या जागेवरून फिरत होतं. जागा कळत होती. दुखत नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिसरा. बोल्ट आवळताना सवयीने ओठ पुढे आले आणि नुसती हवा बाहेर पडली. त्याने पुन्हा फुंकर घातली. पुन्हा हवाच.

"अगं, माझी शीळ येत नाहीये."

बायकोने दातांनी दोरा तोडला. "अहो, तुम्हाला शीळ कुठे येते?"

तो स्टुलावर बसला. आता फक्त कपॅसिटर उरला होता. मनात आलं, राहू द्यावा असाच. गाडीवाल्याला सांगावं, एवढंच जमलं, घेऊन जा. पण काम अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि नाही म्हणायला जी भीती लागते तीही हाताशी नव्हती. शोधली, तर सापडली नाही.

जेवण झाल्यावर त्याने चौथी वायर कापली, बोल्टखाली घेतली, पाना फिरवला. मग बॅटरी जोडली आणि कपॅसिटर बल्बमधून हळूहळू भरून घेतला. बल्ब आधी लख्ख पेटला, मग पिवळा झाला, मग विझला. सेट लावला. इंजिन सुरू केलं, ॲक्सिलरेटर दाबला.

गुणगुण नव्हती.

त्याने इंजिन बंद केलं आणि बसल्या जागेवरून एकेक आवाज मोजला. भिंतीवरचं घड्याळ होतं. नळाची ठिबक होती. रस्ता होता, टायरवाल्याचा पंप होता, बायकोच्या बांगड्या होत्या. त्याने तिला हाक मारली, तिने ओ दिली. सगळं जागेवर होतं. या वेळी काहीच गेलं नव्हतं.

त्याने मोठा श्वास सोडला. पण माणूस हिशेबी. तीन वायरींना तीन आवाज गेले, तर चौथीला काही नाही, असं कसं? सेट चालूच ठेवून तो मागच्या सीटपाशी वाकला आणि बोल्ट अर्धा आटा सैल केला.

इंजिन बंद असूनही गुणगुण परत आली. आता जवळून आली. आणि तिच्यात त्याला मशीन ऐकू आलं, दर दहाबारा टाक्यांनी येणाऱ्या अडखळीसकट. मग टायरवाल्याचं हसू. मग त्याची स्वतःची शीळ, थोडी बेसूर.

या सगळ्यांच्या खाली चौथा आवाज होता.

"बाबा, अजून किती वेळ?"

मुलीचा होता. आठनऊ वर्षांची असेल. कंटाळलेली.

बायको उठून गाडीपाशी आली. "रेडिओ लागलाय का?"

"नाही."

"मग कोण बोलतंय?"

"माहीत नाही."

दोघं ऐकत राहिले. त्यांना मूल नव्हतं. चौदा वर्षांत झालं नव्हतं, आणि त्याबद्दल दोघांना काय वाटत होतं ते आत्ता दोघांनाही आठवेना.

"बाबा. आईला सांगा ना, भूक लागली."

बायकोचा हात गाडीच्या दारावर होता. तो तिथेच राहिला.

"झालं का?" मागून कोणीतरी म्हणालं. गाडीवाला पत्र्याखाली उभा होता. बरोबर चार वाजले होते. त्याने गाडीतला आवाज ऐकला, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

"हे काय आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"बोल्ट सैल झालाय." तो पुढे म्हणाला, "तुम्हाला ओळखीचा वाटतो का आवाज?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. तिने मान एका बाजूला कलती केली, कापडाचा रंग जुळतो का हे बघताना करायची तशी. बराच वेळ ऐकलं.

"नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

मिस्त्रीने आत चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही. "नाही."

"मलाही नव्हता वाटला," गाडीवाला म्हणाला. "माझ्या वेळी मुलगा होता." त्याने रुमालाने कपाळ टिपलं. "करा घट्ट."

"बाबा?"

मिस्त्रीने पाना लावला.

अर्धा आटा.

गाडी हळू मागे गेली, वळली, रस्त्याला लागली. तिचा आवाज असा येतच नव्हता.

संध्याकाळी दुकान आवरताना बायकोला कव्हरांच्या कापडाखाली एक फ्रॉक सापडला. पिवळा, पांढऱ्या बटणांचा. तिने तो दिव्याखाली धरला.

"कोणाचा गं?" मिस्त्रीने विचारलं.

"कोणास ठाऊक. टाके तर माझेच आहेत." तिने खालची दुमड उलटून पाहिली. ती दोनदा उसवून लांब केलेली होती. जुन्या शिवणीच्या दोन फिक्या रेघा कापडावर राहिल्या होत्या. तिने दोन रेघांमधलं अंतर बोटांनी मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं.

"गिऱ्हाइकाचा राहिला असेल," ती म्हणाली आणि कात्री घेऊन त्याचे चार तुकडे केले. "पुसायला होईल."

एक तुकडा तिने त्याच्याकडे टाकला. मिस्त्रीने हातांवरचं ग्रीस पुसलं. कापड धुवून धुवून मऊ झालेलं होतं.