मामाच्या गाडीची तिसरी चाचणी

चष्माने सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट काळंकुट्ट झालं होतं.

"हे बघ," ती पक्कडला म्हणाली. "काजळी."

"मग? गाडीच्या धुराड्यात काय लोणी मिळणार?" रेडिओ टायरच्या ढिगावर बसून म्हणाला. "आमच्या घरी तव्याखालीही काजळी असते. म्हणून आई तव्याला नापास करते का? नाही. पण बाबांची गाडी मात्र दोनदा नापास. मी तर म्हणतो..."

"रेडिओ, जरा बंद हो," पक्कड म्हणाली.

पक्कड ही मामाची भाची. सुट्टीत ती दर वर्षी मामाकडे यायची आणि दिवसभर त्याच्या गॅरेजमध्ये पडून असायची. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून मामानेच तिला हे नाव ठेवलं होतं. रेडिओ हा मामाचा मुलगा. त्याला ते नाव का पडलं हे सांगायची गरज नाही. चष्मा वरच्या मजल्यावर राहायची, कमी बोलायची आणि सगळीकडे बोटं घालायची.

या सुट्टीत मात्र गॅरेजमध्ये कुणाला हसू येत नव्हतं. मामाने वर्षभर खपून एका जुन्या टर्बो गाडीला इथेनॉलवर धावायला शिकवलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि हवा जास्त म्हटल्यावर जोरही जास्त. इथेनॉल पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त लागतं, म्हणून मामाने इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, नवा पंप बसवला, रबराच्या नळ्या बदलल्या. इथेनॉल जास्त दाब सहज सोसतं, वेळेआधी भडकत नाही, म्हणून टर्बोचा दाब वाढवला आणि ठिणगी थोडी लवकर पडेल असं केलं. गॅरेजजवळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पंधरा दिवस पाण्यासारखी धावली.

आणि तपासणी केंद्रावर दोनदा नापास झाली. जरा वेग घेतला की इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट यायचा आणि जोर जायचा. आता शनिवारी तिसरी चाचणी. तीही गेली तर अशा गाड्या बनवायचा परवाना नाही. गॅरेजची जागा मालकाने चाचणीपुरतीच ठेवू दिली होती. पुढच्या महिन्यापासून मामा बस आगारात नोकरीला लागणार, हे घरात जवळजवळ ठरूनच गेलं होतं. मामीने त्याचे दोन निळे शर्ट इस्त्री करून ठेवलेही होते.

"पक्कड," चष्मा हळूच म्हणाली, "पहिल्या चाचणीच्या आधी मी याच पाइपमध्ये बोट घातलं होतं. तेव्हा काही लागलं नव्हतं. इथेनॉलची काजळी धरत नाही, मामाच म्हणाले होते."

पक्कड उठून बसली. "म्हणजे इथे स्वच्छ आणि तिथे जाऊन आल्यावर काळं?"

"तिथे टाकी त्यांच्या पिंपातून भरतात," रेडिओ म्हणाला. "तसा नियमच आहे. आपलं इंधन चालत नाही. भरलं की टाकीला तारेचं सील मारतात. गाडी घरी आणता येते, पण टाकीला हात लावायचा नाही."

तिघेही उठून मामाकडे गेले.

मामा मागच्या टेबलावर लॅपटॉपसमोर बसला होता. दोन दिवसांची दाढी, डोळे लाल. पक्कडने त्याला सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"काजळी मलाही दिसली, बाळा. काजळी म्हणजे इंधन जास्त पडतंय. माझा हिशेब चुकला. कमी करतोय आता."

"पण मामा, पंधरा दिवस तर..."

"पंधरा दिवस मी गाडीला तिथल्याइतकं पळवलंच नव्हतं. ते सरकारी केंद्र आहे. तिथे पाच माणसं सह्या करतात. आणि इथे मी एकटा, बघूनबघून शिकलेला. चुकणार कोण?" तो थकून हसला. "जा, मामी जेवायला हाक मारतेय."

पक्कडने पुन्हा तोंड उघडलं. मग त्याचा चेहरा बघून मिटलं. पुढे कितीतरी दिवस तिला ते मिटलेलं तोंड आठवत राहिलं.

शनिवारी सकाळी तिघे गाडीत मागे बसून केंद्रावर गेले. डिकीत त्याच्या इथेनॉलचा छोटा कॅन तसाच पडलेला होता. केंद्र म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, पुढे गोल धावपट्टी आणि एका कोपऱ्यात भांडार. तपासणी अधिकारी उंच, नीटनेटका माणूस होता. त्याने मुलांना झाडाखालचा बाक दाखवला.

"तिथे बसायचं. धावपट्टीकडे यायचं नाही."

भांडारवाल्या काकांनी हातपंपाने टाकी पुन्हा काठोकाठ भरली, सील मारलं आणि ते भांडाराच्या दारात परतून काहीतरी घासत बसले. पक्कडने बघितलं. एका डब्यातल्या पातळ, स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात ते तेलकट बिजागऱ्या बुडवत होते.

तिने रेडिओला कोपर मारलं. "जा. बोल."

आयुष्यात पहिल्यांदाच रेडिओला बोलायची परवानगी मिळाली होती. तो उड्या मारत गेला. मागोमाग पक्कड आणि चष्मा.

"काका, कसलं चकचकीत निघतंय हो हे! आमच्याकडे बाबा घासूनघासून हात सोलून घेतात. तुम्ही काय वापरता?"

काकांना बरं वाटलं. "इथेनॉल. दोन मिनिटांत तेल पळतं. रंगाचे ब्रश धुवायलाही हेच."

"पण मग पिंप रिकामं होत असेल की. साहेब ओरडत नाहीत?"

"साहेब पट्टी बुडवून पातळी बघतात. पातळी भरलेली दिसली की झालं." काकांनी बिजागरी झटकली. "कमी झालं की शेजारच्या पिंपातलं ओततो. इथेनॉलच्या गाड्या येतात तरी किती? वर्षाकाठी दोन."

"शेजारच्या पिंपात काय असतं?" पक्कडने विचारलं.

"पेट्रोल. शेवटी जळायचंच ना दोन्ही?"

पक्कड झटकन धावपट्टीकडे वळली. मामाने इंजिन इथेनॉलच्या भरवशावर बांधलं होतं. एवढ्या दाबाखाली पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच भडकतं. तोच तो खडखडाट. आणि पेट्रोलला इतके मोठे इंजेक्टर लागत नाहीत, म्हणून काजळी. आणि ती काजळी बघून मामाने परवा इंधन कमी केलं होतं. म्हणजे आज इंजिन आणखी तापणार.

"रेडिओ, पळ. गाडी थांबव."

रेडिओ सुसाट सुटला. धावपट्टीच्या फाटकाशीच अधिकाऱ्याने त्याला अडवलं. लांबून काही ऐकू येत नव्हतं, पण हात बाकाकडे दाखवतोय हे दिसत होतं. रेडिओ हातवारे करत होता. पलीकडे मामाची गाडी सुरू झाली.

"आपलं कोण ऐकणार," चष्मा म्हणाली. "त्यांना डोळ्यांनी दाखवावं लागेल. बाटली दे."

इथेनॉलच्या पिंपावरच्या हातपंपाखाली गळतीसाठी बादली ठेवलेली होती. चष्माने पक्कडच्या पाण्याच्या बाटलीत अर्धं पाणी ठेवलं आणि वर बादलीतला द्रव ओतला. काका "ए, ए, काय करता?" म्हणत उठेपर्यंत तिने झाकण लावून बाटली हलवली होती.

"इथेनॉल पाण्यात विरघळतं," ती म्हणाली. "पेट्रोल विरघळत नाही. शाळेत केलंय आम्ही."

दोघी बाटलीकडे टक लावून उभ्या राहिल्या. आधी सगळं दुधाळ झालं. मग हळूहळू वर पिवळट थर जमू लागला. एक बोट, दोन बोटं.

धावपट्टीवर गाडीने पहिली फेरी संपवली. दुसरी. टर्बोची शीळ वाढत गेली. पक्कड बाटली छातीशी धरून पळत सुटली. तिच्या कानांवर खडखडाट आला, पण या वेळी तो थांबला नाही. एक जाड, बसका आवाज झाला आणि गाडीच्या मागून निळसर धुराचा लोट निघाला. गाडी वळणावर थोडी पुढे सरकली आणि उभी राहिली.

मामा उतरला. बॉनेट उघडायलाही गेला नाही. गाडीला पाठ टेकवून जमिनीवर बसला.

अधिकाऱ्याने नोंद लिहायला पेन काढलं होतं. "तिसऱ्यांदा तेच. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, टर्बो गाडीला हे झेपणार नाही."

"साहेब, आधी हे बघा," पक्कड धापा टाकत म्हणाली आणि बाटली त्याच्यासमोर धरली.

भांडारवाले काका मागून येऊन पोचले. "पोरांचे खेळ आहेत, साहेब. पाणी घातल्यावर काहीही तरंगेल."

चष्मा गाडीमागे गेली. तिने डिकीतला मामाचा कॅन काढला, रेडिओच्या बाटलीत अर्धं पाणी ठेवून वर त्यातलं इथेनॉल ओतलं आणि हलवून पहिल्या बाटलीशेजारी ठेवली. सगळे थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली. दुसऱ्या बाटलीत थर आला नाही. सगळं एकजीव राहिलं.

अधिकाऱ्याने पहिल्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. त्याचा चेहरा उतरला.

"पिंपात काय ओतलंत?" त्याने काकांना विचारलं.

काका हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. "पातळी कमी झाली होती, साहेब."

मग सगळं भराभर झालं. भांडाराला कुलूप लागलं. नोंदवही जप्त झाली. केंद्राचे मोठे साहेब आले, त्यांनी दोन्ही बाटल्या स्वतः हलवून बघितल्या. अधिकाऱ्याने तिघांशी हात मिळवला. "आमच्या पाच सह्यांना जे कळलं नाही ते तुम्ही शोधलंत," तो म्हणाला. "मी तुम्हाला बाकावर बसवलं. माझी चूक झाली." मोठ्या साहेबांनी तिन्ही चाचण्या रद्द केल्याचं तिथल्या तिथे लिहून दिलं. गाडी चालू स्थितीत आणली की नव्याने चाचणी घेता येईल, असंही लिहिलं. इंजिनाच्या भरपाईबद्दल मात्र त्यात एक ओळही नव्हती.

"चालू स्थितीत," मामा कागद वाचून म्हणाला, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

रविवारी त्याने इंजिन उघडलं. तिसरा पिस्टन मेणबत्तीसारखा वितळला होता, मधोमध भोक. त्याचे तुकडे खाली जाऊन सगळं आतून खरवडून निघालं होतं. हे इंजिन बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. मामाने दोन ठिकाणी फोन केले, तिसरीकडे केलाच नाही.

सोमवारी गॅरेजमधली हत्यारं खोक्यांत भरायला सगळे बसले. मामी लोखंडी पाने पुसत होती, रेडिओ त्यांच्यावर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत होता.

"मी बाटलीत वेळ घालवायला नको होता," पक्कड एकदम म्हणाली. "सरळ धावपट्टीवर जाऊन उभी राहिले असते तर..."

"तर मी तुला तिथून हाकललं असतं," मामा म्हणाला. "तू मला दोन दिवस आधी सांगितलंस, तेव्हा तरी मी कुठे ऐकलं?"

"पुन्हा करशील ना रे तू? दुसरी गाडी घेऊन?"

मामाने हातातला पाना फडक्यात गुंडाळला, खोक्यात ठेवला.

"नाही जमणार, बाळा. जागा गेली, इंजिन गेलं. एक तारखेपासून आगार." तो तिच्याशेजारी येऊन बसला. "पण पहिल्या चाचणीपासून मला झोप नव्हती. रात्रभर एकच आकडेमोड. वाटायचं, आपल्याला हे काम येतच नाही, वर्षभर उगाच येतंय असं समजत होतो. तुम्ही तिघांनी ते माझ्या डोक्यातून काढलंत. काल मी सकाळी आठपर्यंत झोपलो. मामीला विचार."

"घोरत होतास," मामी म्हणाली. "सगळ्या मजल्याला ऐकू गेलं."

चष्माने नुसती मान हलवली. तिला वरच्या मजल्यावर ऐकू गेलं होतं.

मामाने पुढचं खोकं ओढलं. पक्कडने दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते दाराबाहेर उभ्या टेम्पोपर्यंत नेलं.