झाकणावरचा धावफलक

डेझमंड ट्रूब आपल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पालथा पडला होता. कवटी मागून फुटली होती. शेजारी गोलंदाजाचा बिडाचा पुतळा; जुन्या घरांत दाराला टेकू ठेवायचे तसला, रक्ताने आणि केसांनी माखलेला. उजव्या हाताची तीन बोटं उलटी मोडलेली. तरी त्या मुठीतून चहाच्या डब्याचं झाकण सुटलं नव्हतं.

पोलिसांनी सिरिल पेनहॅलोला उचललं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको डॉट खाजगी गुप्तहेर मर्ल हॅडिक हिच्याकडे आली. मर्लचा मेहुणा कॉल, निवृत्त ट्रकवाला, तिथेच पाव खात बसला होता.

"सिरिलच्या शर्टाला रक्त आहे," डॉट म्हणाली. "असणारच. डागडुजीच्या कामाला मागच्या दारानं गेला आणि डेझचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पण शनिवारचं भांडण सगळ्या गावानं ऐकलंय."

"कसलं भांडण?"

"क्लबच्या धावफलकाचं. सिरिल लँकशायरचा, मूळचा इंग्रज. तिकडच्यासारख्या धावा आधी लावतो, पडलेले गडी मागून; इथे आपण गडी आधी लावतो. डेझ ओरडला, 'पॉमड्या इंग्रजा, चाळीस वर्षं आमचं मटण खातोस आणि अजून उलटंच लावतोस!' हा म्हणाला, 'एक दिवस तुझं टाळकं फोडीन.'"

"दर शनिवारी म्हणतो," कॉल म्हणाला.

"आता फुटलंय ना ते!" डॉटला रडू आलं. "त्याची छाती अधू आहे, मर्ल. तुरुंगातला एक हिवाळासुद्धा नाही निघायचा."

दुकानात सार्जंट ब्रॉफीने झाकण दाखवलं. "गल्ला शाबूत. डबाही इथेच."

झाकणावर हाताने काढलेलं चित्र होतं. तंबू, पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू, फलकावर ५-२१२, खाली 'यॉर्कशायर, १९११'. मर्लने बोट फिरवलं. रंगाखाली गंजाचे खड्डे लागत होते.

"अंगठा कुठे होता त्याचा?"

"फलकावर. नख रुतलं होतं."

कोठडीत सिरिल भिंतीकडे तोंड करून बसला होता. "मी आत शिरलो तेव्हा पुढचं दार आपटलं," तो म्हणाला. "डेझला मी कशाला मारू? त्याच्याशिवाय या गावात माझ्याशी भांडायला आहे कोण?"

डबा विकायला आणला होता रसेल टॅपनने. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवरून उतरलासुद्धा नाही.

"आजीचा डबा. तिच्या बापानं रंगवलेला. यॉर्कशायरला जाऊन तिच्या फडताळातून मीच काढला."

"नंतर इथे कोणी रंग लावला?"

"एक ठिपका नाही! त्या सिरिलला फासावर द्या."

"फाशी बंद झाली, रसेल."

"तिथंच चुकलं."

दुपारी मर्लने त्याला दुकानात बोलावलं. ब्रॉफी दाराशी उभा होता, कॉल मर्लच्या शेजारी. गल्ल्याजवळच्या टेबलावर डबा, झाकण आणि तो बिडाचा गोलंदाज.

"डबा खरंच जुना आहे," मर्ल म्हणाली. "पण रंग गंजाच्या खड्ड्यांत उतरलाय. म्हणजे आधी गंज, मग चित्र. आणि फलक बघ. पाच गडी आधी, धावा मागून. यॉर्कशायरचा म्हातारा असं कधीच लिहिणार नाही. असं इथे आपण लिहितो. इथेच जन्मलेल्या, पाट्या रंगवणाऱ्या माणसाचा हात आहे हा."

"मग सिरिलनं रंगवलं असेल..."

"सिरिल अजून धावा आधी लावतो. त्यावरूनच तर भांडण झालं. आणि डबा फडताळातून काढला, इथे रंगाचा ठिपका लागला नाही, हे तू सांगितलंस. डेझनं खोटं पकडलं, तू मागून घाव घातलास. मग झाकणासाठी मेलेल्याची बोटं मोडत बसलास. गल्ला सोडून झाकण कोणाला हवं? ज्याचं बिंग त्यावर रंगवलंय त्याला. तेवढ्यात मागचं दार वाजलं."

टॅपनने गोलंदाज उचलला आणि मर्लच्या डोक्याच्या दिशेने हाणला. मध्ये कॉलचा हात आला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कॉल सगळ्या वजनानिशी त्याच्यावर कोसळला; टॅपनचं नाक फरशीवर फुटलं. "आणखी एकदा मारायला हवं होतं त्या म्हाताऱ्या डेझला!" तो रक्त थुंकत ओरडला. ब्रॉफीने बेड्या घातल्या.

कॉल हात धरून कण्हत म्हणाला, "सगळं कळलं. पण डेझ तर इथलाच. त्याच्या डोळ्याला ते सरळच दिसणार. त्याला कळलं कसं?"

"दर शनिवारी सिरिलवर ओरडून," मर्ल म्हणाली.

पुढच्या शनिवारी सिरिल फलकापाशी गेला. हातात आकड्यांच्या पाट्या घेऊन बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने धावा आधी लावल्या आणि मागे वळून बाउंडरीकडे पाहिलं.

कोणी ओरडलं नाही.