कुंदाताईंची फत्तेमारी

"ही आमची नाव नाही," कुंदाताई फोनवर म्हणाल्या. "तू आत्ताच्या आत्ता ये."

सकाळचे साडेआठ वाजले होते. रश्मीचे डोळे अजून चुरचुरत होते. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात नोकरीला लागली होती. तिथे देवदत्त जुन्या जहाजांच्या प्रतिकृती बनवत आणि दुरुस्त करत. त्यांना लागणारी मापं ग्रंथालयांतून शोधून आणायची, हे तिचं काम. गेल्या महिन्यात तर त्यांनी फत्तेमारीच्या डोलकाठीचा कोन मागितला होता, तोही तातडीने. त्यापायी चार ग्रंथालयांची धूळ तिच्या नाकात गेली होती.

कांदिवलीच्या त्या दिवाणखान्यात हातभर लांबीची फत्तेमारी टेबलावर ठेवली होती. कोकणकिनाऱ्यावर माल वाहणारी ही शिडाची नाव. कुंदाताईंचे आजेसासरे बंदरावर कारकून होते. कचेरीच्या खिडकीतून त्यांना गलबतं थेट समोरून येताना दिसत, नाळ म्हणजे पुढचं टोक खिडकीकडे करून. ती बघून त्यांनी ही घडवली होती. कालच ती दुरुस्त होऊन परत आली होती.

"तुमची नाही, हे कशावरून?" रश्मीने विचारलं.

"चाळीस वर्षं दर शनिवारी पुसतेय मी. एका जागी फडकं अडकायचंच. आता अडकत नाही."

"दुरुस्तीत घासून निघालं असेल."

"देवदत्तही आधी तेच म्हणाले. मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, बदलली असेल तर भीमराजनेच. रिक्षातून तोच घेऊन आला ना! पाचपर्यंत कबूल झाला नाही तर आम्ही पोलिसात जाणार."

रश्मी खाली बसली. भीमराजकाका गाळ्यातले बावीस वर्षांचे जुने कारागीर. तिला पटेना. पण न पटणं हा काही पुरावा नव्हे.

"जुना फोटो आहे?"

कुंदाताईंनी नवऱ्याच्या मुंजीचा फोटो काढला. बटूच्या मागे फत्तेमारी, एका बाजूने पूर्ण दिसणारी. तिची पुढची मोठी डोलकाठी आणि कपाटाची कड, शेजारीशेजारी दोन उभ्या रेघा.

टेबलावरच्या नावेच्या दोन्ही डोलकाठ्या नाळेकडे झुकल्या होत्या. फत्तेमारीच्या असतातच तशा. रश्मीने पिशवीतून कोनमापक काढलं, आकडा टिपला आणि म्हणाली, "ताई, चार वाजता गाळ्यावर या. नाव आणि फोटो दोन्ही आणा."

भीमराज गाळ्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"काका, काल वाटेत कुठे थांबलात?"

"थांबतोय कुठला? मांडीवर खोकं, पाय आखडलेले."

"दुरुस्ती तुम्ही केलीत?"

"हात कुठं लावू दिला मला? आली त्या दिवशी बघितली, तेवढीच. मग साहेबांनी आतल्या खोलीत नेली नि कुलूप घातलं. परत दिसली ती बांधलेल्या खोक्यात."

"एरवी तुम्हाला देतात ना?"

"देतात. पण मी डोळ्यांना दिसतं तसं करतो. मागं एका मचव्याचं वल्हं वाकडं होतं, मी वाकडंच केलं. आठवडाभर बोलत होते." ते थांबले. "सकाळी इथं सगळ्यांदेखत चोर म्हणाले गं मला. आता ह्या गल्लीत कोण काम देईल?"

आत देवदत्त भिंगातून एक कप्पी न्याहाळत होते.

"सर, फत्तेमारीला काय काय केलंत?"

"पुसली. शीड बदललं. थोडी घासली."

"आणि डोलकाठ्या?"

"छे! जुन्या सांध्याला कोण हात लावेल?"

"नक्की?"

"रश्मी, तीस वर्षं हेच करतोय मी. तू जाऊन भीमराजला विचार."

चार वाजता कुंदाताई आल्या. रश्मीने भीमराजना आत बोलावलं आणि फोटो नावेशेजारी ठेवला. तिला कसलाच उत्साह वाटत नव्हता. देवदत्तांकडूनच ती काम शिकली होती.

"फोटोत डोलकाठी सरळ आहे, इथे झुकलेली. सरांनी तिला हात लावलेला नाही, असं सरच म्हणतात. म्हणजे ही नाव दुसरी. ताईंचं फडकं बरोबर होतं."

"मग भीमराजनेच बदलली," देवदत्त म्हणाले.

"अशी दुसरी नाव घडवायला कित्येक दिवस लागतात, सर. रिक्षात नाही होत. आणि काकांनी केली असती, तर त्यांनी डोलकाठी सरळच ठेवली असती. दिसतं तसं करणारा माणूस."

"सरळ का होती पण?" कुंदाताईंनी विचारलं.

"पुढे झुकलेली काठी समोरून बघितली तर सरळच दिसते. आजोबांना खिडकीतून तेवढंच दिसायचं. चूक होती, पण त्यांची स्वतःची. ही नाव करणाऱ्याला ती चूक सोसवली नाही." रश्मीने कोनमापक लावलं. "अकरा अंश. हा आकडा मी एका जुन्या आराखड्यातून काढला आणि फक्त तुम्हाला पाठवला, सर. नाव नुसती पुसायची होती, तर कोन कशाला हवा होता?"

देवदत्तांनी भिंग खाली ठेवलं.

"धुतली आणि दिव्याखाली वाळत ठेवली," ते म्हणाले. "गरम झाली. उभी चिरली, नाळेपासून सुकाणूपर्यंत. तुकडे आतच आहेत."

"अहो, फुटली म्हणून सांगायचं होतं!" कुंदाताई म्हणाल्या.

"तीस वर्षांत एकही नाव फुटली नव्हती माझ्या हातून."

"म्हणून चोरी माझ्या हातात दिलीत," भीमराज म्हणाले.

देवदत्तांनी किल्ली काढून दिली. भीमराजनी आतल्या खोलीतून तुकडे आणले, टेबलावर मांडले आणि एकेकाची कड बोटाने चाचपली.

"जुळेल का हो?" कुंदाताईंनी विचारलं.

"जुळेल. चीर दिसेल थोडी. पण आधी साहेब बाहेर येतील."

देवदत्त उठले. गल्लीत येऊन टपरीपाशी उभे राहिले. चहा पिणाऱ्यांनी माना वर केल्या. ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, साहेब," भीमराज म्हणाले. "समोर ड्रिल चालू आहे."