भोंग्याचा डबा

उपग्रह डोक्यावर यायला अजून पाऊण तास होता. गच्चीवर काकांची पुतणी अँटेनाच्या पाइपाला प्रीअँपचा डबा आवळत होती आणि तिच्या दोन मैत्रिणी बॅटरी धरून कुडकुडत होत्या.

"एवढासा डबा, तो इतक्या उंच कशाला? खाली रेडिओजवळ लावला तर काय बिघडतं?" एकीनं विचारलं.

"खाली लावून पूजा करायचीय का त्याची?" काका खेकसले. "उपग्रहाचा आवाज येतो चिलटाएवढा. केबलमधून खाली उतरेस्तोवर जीव सोडतो. म्हणून वरच्या वर त्याला बळ द्यायचं. डबा नसेल तर माणूस बहिरा. असा एक होता. त्याचं ऐकायचं असेल तर ती बॅटरी विझवा."

"भुताचं आहे?"

"खरं आहे. ज्याच्यावर गुदरलं, त्याच्याबरोबर मी वीस वर्षं चहा प्यायलोय."

बॅटरी विझली.

तो माणूस वायरमन. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, हात सोन्याचा आणि मन कडू. त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर भोंगा राहायचा. लोकांनी नाव बरोबर ठेवलं होतं. भोंग्याचा ट्रान्समीटर दांडगा, पण प्रीअँप नाही आणि केबल जुनाट. तो बोलला की उपग्रहावर सगळ्यांना ऐकू जायचं. त्याला कुणाचंच यायचं नाही. आपल्यासारखे हौशी रेडिओवाले उपग्रहावरून एकमेकांशी बोलतात, पण एका वेळी एकानंच बोलायचं असतं. हा मात्र दुसऱ्यांच्या बोलण्यावर चढून ओरडायचा, "अरे, कुणी आहे का?" लोक उत्तरं देऊन थकायचे. मग शिव्या द्यायचे. त्याही त्याला ऐकू यायच्या नाहीत.

वायरमनची मुलगी जहाजावर नोकरीला होती. तिच्या वाढदिवसाला बापलेकीनं, उपग्रह डोक्यावरून जातो ती दहा मिनिटं बोलायला ठरवली होती. ती दहाच्या दहा भोंग्यानं खाल्ली. लेकीचं एक अक्षर बापाच्या कानी पडलं नाही.

पुढं शहाणपण सुचलं आणि भोंग्यानं वायरमनलाच प्रीअँप बनवायला सांगितला. यानं बनवला. बनवून खणात टाकला आणि खणाला कुलूप. भोंगा आला की म्हणायचा, "सुटा भाग मिळत नाहीये." तीन आठवडे त्याला नुसतं झुलवलं.

अठ्ठावीस नोव्हेंबरच्या रात्री भोंगा उपग्रहावर ओरडला, "छातीत कळ येतेय. कुणी आहे का?" तिघाचौघांनी लांबलांबच्या गावांहून उत्तर दिलं. त्याला कुठलं ऐकू यायला? सकाळी खुर्चीतच गार सापडला, कानाला हेडफोन तसाच.

वायरमननं सगळ्यांना सांगितलं, "माझा सेट त्या रात्री बंद होता."

बारा दिवसांनी भोंग्याची थोरली बहीण दुकानात आली. घर भाडेकरूला द्यायचं होतं, सकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती.

"रेडिओ आज रात्री सोडवून ठेवा. अँटेना सकाळी उजेडात उतरवा. गच्चीची किल्ली माझ्याकडेच राहील." मग तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "त्याचा डबा तयार होता का हो?"

"नाही ताई. अर्धाच झाला होता."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'ला धार होती.

दहा डिसेंबर. दुकान बंद करून वायरमन दहाला तिथं पोचला. घराची वीज तोडून सहा दिवस झाले होते. टेबल, खुर्ची, रेडिओ. त्यानं मागची वायर काढली आणि स्क्रू सोडवू लागला. एक स्क्रू गंजलेला होता. त्यात वेळ गेला. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली. उपग्रह उगवायची वेळ. सवयीनं लक्षात आलं, इतकंच.

रेडिओचा दिवा लागला.

वायर त्याच्या हातात होती.

खरखर सुरू झाली. खूप जवळची. खूप स्वच्छ.

"कुणी आहे का?"

भोंग्याचाच आवाज. पण ओरडणं नव्हतं. हळू होता. आणि विचारून तो थांबला... जन्मात कधी थांबला नव्हता, तो थांबला.

वायरमन हलला नाही.

"आता येतंय ऐकू," आवाज म्हणाला. "श्वास येतोय तुझा."

यानं तोंडावर हात धरला.

"...आता हाताखालून येतोय."

शेवटी कसाबसा पुटपुटला, "माझा सेट बंद होता."

खरखर.

"तू माइकचं बटण दाबलंस."

...

"तुझी खुर्ची करकरली. नाक ओढलंस."

...

"बोलला नाहीस. सोडलंस बटण."

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. त्या रात्री यानं बटण दाबलं होतं, लेकीचा वाढदिवस आठवला होता आणि बटण सोडून दिलं होतं. दोन गल्ल्या... चालत तीन मिनिटं.

"मला ऐकू येणार नव्हतं, हे तुला ठाऊक होतं," आवाज म्हणाला. "डबा कुणाकडे होता?"

...

"आता बोल. मी ऐकतोय."

वायरमन बोलला नाही.

दहा मिनिटं झाली. आवाज पातळ होत गेला. दिवा विझला.

तो पळत सुटला, तो थेट दुकानात. खणाला कुलूप होतं. उघडलं. आत डबा नव्हता.

सकाळी बहिणीनं गच्चीचं कुलूप काढलं. गंजलेलं, दोन माणसांचा जोर लागला. वर पाइपाच्या टोकाला, अँटेनाच्या बरोब्बर खाली, प्रीअँप घट्ट बसवलेला होता. झाकणावर वायरमनच्याच अक्षरात भोंग्याचं नाव.

"अर्धाच झाला होता ना?" बहिणीनं विचारलं.

तो खाली मान घालून शिडी चढला. केबलच्या जोडावर पाणी शिरू नये म्हणून काळी टेप गुंडाळलेली होती, कोरी करकरीत. सोडवायला त्यानं नेहमीसारखा हात फिरवला. सुटेना. उलट्या दिशेनं गुंडाळली होती.

भोंगा डावरा होता.