वळवलेलं जहाज

जेट्टीच्या फाटकावर तिला अडवलं ते चपलांवरून. टाचेला लोखंडी पट्टी होती.

"इथे एक ठिणगी पडली ना, तर तुमचा-माझा पत्ता लागायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

भुरभुर पाऊस होता. ती अवघडून उभी राहिली. एवढ्यात गॅसच्या जहाजावरून उतरलेल्या एका इंजिनियरने आपले रबरी बूट काढून तिच्यापुढे ठेवले, आणि स्वतः मोज्यांवर छपराखाली जाऊन बसला.

"सैल आहेत," ती म्हणाली.

"हळू चाला. बूट परत येईतो मी कुठे जातोय?"

"गॅस जगभर कसा विकायचा, त्याची योजना लिहितेय मी कंपनीसाठी. म्हटलं, माल एकदा बघावा तरी."

"तो दिसत नाही. गारठवून, पातळ करून टाकीत कोंडलेला असतो. जहाज बघा… नाहीतर जहाजावरची माणसं."

तिने मान फिरवली, पण हसू काही लपलं नाही.

तेव्हापासून ती त्याची 'योजनाबाई' झाली. जुन्या करारामुळे जहाज दर खेपेला याच बंदरात यायचं. टाक्या रिकाम्या होईपर्यंत दोघं बंदराच्या भिंतीला टेकून चहा प्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा तिने योजनेतला भाग त्याला वाचून दाखवला. जहाज एका गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधायचं नाही. माल भर समुद्रात असला तरी जिकडे भाव चढेल तिकडे वळवायचा.

"म्हणजे जहाजाला भटकं करणार तू."

"जहाजाला. तुला नाही."

"अगं, मी जहाजातच असतो."

दोघं हसली. हसायला नको होतं.

योजना मंजूर झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. त्याच आठवड्यात त्याचा समुद्रातून फोन आला. जेट्टीच्या कंट्रोल रूममध्ये त्याला नोकरी मिळाली होती. महिनाअखेर हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. जहाजावर त्याच्या जागी येणारा माणूस इथल्याच बंदरात बॅग भरून तयार होता.

"उतरलो की तुझ्या मावशीकडे येतो, तुला वाढवलं तिनेच ना. मुलगी मागायला."

"मुलीला विचारलंस का?"

"विचारतोय… ऐकू येतंय ना?"

"समोर येऊन विचार," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ उगाच टेबल आवरत बसली.

जहाज एका दिवसावर आलं होतं. सकाळी साहेबांनी तिला बैठकीत बोलावलं. दूरच्या एका देशात थंडीची लाट आली होती आणि गॅसचा भाव दुपटीवर गेला होता.

"वळवायचं ना? योजना तुझी, तूच सांग. काही अडचण?"

तिच्याकडे एकच अडचण होती, आणि ती बैठकीत सांगण्याजोगी नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "वळवा."

फोन संध्याकाळी आला.

"वळलो आम्ही," तो म्हणाला. "मी सामानही बांधलं होतं… कुठल्या गाढवाने वळवलं गं?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"मी."

पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"तू 'वळवू नका' म्हणाली असतीस तर?"

"तर त्यांनी कारण विचारलं असतं."

"आणि कारण सांगायची तुला लाज वाटली."

"लाज नाही रे…" ती म्हणाली. लाजच होती.

"तिकडून विमानाने ये ना," ती कशीबशी म्हणाली. "मी बोलते साहेबांशी. आत्ता बोलते."

"माझ्या जागी माणूस मिळाल्याशिवाय कॅप्टन सोडत नाही. आणि मिळेल तोवर जागाही गेलेली असेल." त्याचा आवाज चढला नव्हता, याचीच तिला भीती वाटली. "आता हे सगळं बोलून काय उपयोग?"

"ते… समोर येऊन विचारणार होतास ते. आत्ता विचार. मी हो म्हणते."



"नको," तो म्हणाला. "ठेवतो. ड्युटी आहे."